एका जोडताऱ्याचं चुकलेलं वजन

मी चौतीस वर्षं ताऱ्यांच्या खात्यात नोकरी केली आणि ती सगळी सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच या वेळात. हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो. त्यांना वाटतं, ही बाई रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असणार. प्रत्यक्षात दुर्बीण होती दुसऱ्या राज्यातल्या एका डोंगरावर आणि तिथे जागणारी माणसं वेगळी होती. त्यांनी घेतलेले फोटो आणि नोंदी अंधेरीच्या आमच्या ऑफिसात यायच्या. त्यांतून ताऱ्याचं तेज किती, वस्तुमान किती, हे काढायचं काम आमचं. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून समोरच्या गाळ्यांचे पत्रे दिसायचे. त्यावर वाळत घातलेले हातमोजे दिसायचे. तारा एकही नाही.

माझं पद वैज्ञानिक सहायकाचं. शास्त्रज्ञ म्हणजे रेगेसर. ते विचार करणार, मी आकडेमोड करणार, अशी साधारण वाटणी होती. मी नोकरीला लागले तेव्हा कॅल्क्युलेटर आणि आलेखाचे कागद होते, निवृत्त झाले तेव्हा संगणक होता. काम मात्र तेच.

बाहेरच्या माणसाला ते समजावणं फार अवघड नाही. ताऱ्याचं तेज आपण ‘प्रत’ या मापात सांगतो आणि ते माप उलटं आहे. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. शाळेतल्या नंबरासारखं, पहिला सगळ्यांत वर. तेज मोजायचं ते शेजारच्या, माहीत असलेल्या ताऱ्याशी तुलना करून. पण हे झालं दिसणारं तेज. भांडुपच्या आमच्या गॅलरीतून गल्लीतला दिवा समोरच्या टेकडीवरच्या मोठ्या टॉवरच्या दिव्यापेक्षा लख्ख दिसतो. म्हणून काही तो मोठा होत नाही. अंतर कळलं की खरं तेज कळतं.

वस्तुमानाचं तसं नाही. एकट्या ताऱ्याचं वजन थेट काढता येत नाही, त्याला जोडीदार लागतो. मंगळागौरीला दोन मुली फुगडी घालतात ती आठवा. दोघी सारख्या अंगाच्या असतील तर दोघी सारख्याच फिरतात. एक दणकट आणि एक चिपाड असेल, तर दणकट जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि चिपाड मोठा घेरा घेते. आभाळात असे एकमेकांभोवती फिरणारे तारे पुष्कळ आहेत. कोण किती वेगाने फिरतो हे त्यांच्या वर्णपटातून कळतं, म्हणजे त्यांचा उजेड रंगारंगांत फोडून. एक फेरी किती वेळात होते आणि फुगडीचं रिंगण आपल्या बाजूला किती कललेलं आहे, हे कळलं की दोघांची वजनं हातात येतात. जोडीतला एक दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन त्याला ग्रहण लावत असेल, तर फारच उत्तम. उजेड किती कमी झाला, किती वेळ कमी राहिला, त्यावरून रिंगणाचा कल काढता येतो.

एवढं कळलं की माझी नोकरी कळली.

ऑफिसात येणाऱ्या लोकांना मात्र ते कळायचं नाही. एकदा घाटकोपरचे एक गृहस्थ पत्रिका घेऊन आले. जन्मनक्षत्र मघा. मुलीचं लग्न जमत नव्हतं. मला म्हणाले, “मॅडम, मघाचं तेज कमी झालंय का, एवढंच बघून सांगा.” मी मघाच्या मुख्य ताऱ्याची प्रत काढून दाखवली आणि म्हटलं, “काही फरक नाही. जसं होतं तसंच आहे.” त्यांनी तो आकडा खिशातल्या डायरीत उतरवून घेतला, समाधानाने हात जोडले आणि गेले. रेगेसर आतून ओरडले, “सुनंदा, तू दुकान उघड आता!”

पण मला सांगायचंय ते बेनीअंकलबद्दल आणि त्यांच्यामुळे उघडी पडलेल्या माझ्या चुकीबद्दल.

ग्रहण लावणाऱ्या अशाच एका जोडताऱ्यावर रेगेसर बरीच वर्षं काम करत होते. तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साध्या दुर्बिणीतून दिसतो. काही दिवसांच्या ठरावीक अंतराने त्याला ग्रहण लागायचं आणि तेज निम्म्याच्या आसपास यायचं. डोंगरावरच्या दुर्बिणीला इतरही कामं असत, म्हणून आम्हाला लागोपाठच्या दोन हिवाळ्यांतल्या नोंदी मिळाल्या होत्या. त्यावरून पुढच्या ग्रहणांचं वेळापत्रक मी तयार केलं आणि हौशी निरीक्षकांना पाठवलं. हौशी निरीक्षक म्हणजे घरच्या गच्चीतून तारे बघणारी माणसं. त्यांची मापं ढोबळ, पण वर्षानुवर्षं सातत्य असतं. आमच्या यादीत असे आठ-दहा जण होते. बहुतेकांनी वर्षभरात नाद सोडला.

सोडला नाही तो मनोरीच्या बेंजामिन कोलासो यांनी, म्हणजेच बेनीअंकलनी. त्यांच्या बापजाद्यांची मासेमारी. ते स्वतः गोदीत फिटर होते आणि निवृत्तीनंतर गावातच असत. पावसाळा सोडला तर दर महिन्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. मराठीत, निळ्या शाईत, टपोरं अक्षर. तारीख, वेळ, शेजारच्या दोन ताऱ्यांशी तुलना करून काढलेली प्रत आणि शेवटी तारा सगळ्यांत मंद झाला ती वेळ. खाली एक ओळ हवेची: ‘आज दर्यावर धुकं.’

सुरुवातीला त्यांच्या वेळा आमच्या वेळापत्रकाशी जुळत होत्या. मग ग्रहण पाच मिनिटं उशिरा लागल्याचं ते कळवू लागले. मग दहा, मग अठरा.

आमच्याकडे एक रीत होती. जे निरीक्षण बाकीच्यांपासून फार लांब पडेल ते वगळायचं. ही रीत चुकीची नाही. रात्री माणूस पेंगतो, ढग येतो, आकडा लिहिताना उलटासुलटा होतो. मी बेनीअंकलच्या वेळांवर लाल पेन्सिलने काट मारायला लागले. एका महिन्याला, दुसऱ्या महिन्याला, मग सवयच झाली. कार्ड आलं की मी वाचायच्या आधी पेन्सिल उचलायची. तीनेक वर्षं हे चाललं. शेवटी मी त्यांना चार ओळींचं पत्र लिहिलं. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार. आपल्या वेळांत सातत्याने फरक आढळतो. कृपया आपलं घड्याळ तपासून घ्यावं.’

आठवड्याभरात बेनीअंकल स्वतःच ऑफिसात हजर झाले. सत्तरीचे, काळेसावळे, काटक. हातात कापडी पिशवी. खुर्चीत न बसताच त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“तुम्हीच सुनंदा मॅडम? हे घ्या. तपासा.”

मी म्हटलं, “अहो, एवढं घेऊन कशाला आलात? आणि मोबाईल नाही का तुमच्याकडे? त्यातली वेळ अगदी बरोबर असते.”

“हाय ना मोबाईल. पण अंधारात डोले जमवायला अर्धा तास लागतो. मोबाईल पेटवला का गेले डोले. मंग तारा काय बगनार, कप्पाल?” त्यांनी घड्याळाचे हिरवट काटे दाखवले. “हे अंधारात दिसतं आन् डोल्याला लागत नाय. रोज संध्याकाली रेडिओवर लावतो. तुम्ही आठ दिस ठेवा. चुकलं तर मी तारे बगायचं बंद करीन.”

“आणि नाही चुकलं तर?”

“तर तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

चहा न घेता ते गेले.

त्या दिवसापासून आठ दिवस मी ते घड्याळ संगणकावरच्या प्रमाणवेळेशी ताडून पाहिलं, सकाळी एकदा आणि निघताना एकदा. आठ दिवसांत ते पाऊण मिनिट मागे पडलं. बेनीअंकल ते रोज लावून घेत होते, म्हणजे त्यांच्या कामात चूक फार तर पाच-सात सेकंदांची. अठरा मिनिटांची नव्हे.

नवव्या दिवशी मी काट मारलेली सगळी कार्डं फायलीतून काढली. ती फेकली नव्हती, एवढंच माझं नशीब. एका वहीत वेळा लिहून काढल्या आणि पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. ती दिसायला खरं तर हुशारीची गरज नव्हती. माणसाच्या चुका दोन्ही बाजूंना होतात. कधी पाच मिनिटं पुढे, कधी पाच मिनिटं मागे. बेनीअंकलच्या वेळा एकाच बाजूला होत्या. हळूहळू वाढत गेलेल्या, आणि शेवटच्या काही महिन्यांत पुन्हा हळूहळू कमी होत चाललेल्या. पेंगणारा माणूस इतक्या शिस्तीत पेंगत नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात रेगेसरांच्या लेखाची छपाईपूर्वीची प्रत एका परदेशी नियतकालिकाकडून तपासायला आली होती. त्या लेखात या जोडताऱ्याची वजनं होती आणि ती मी काढलेली होती. सर चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी ते याच ताऱ्यावर व्याख्यान देणार होते.

सरांना सांगण्याआधी पुरावा हवा होता. मी रविवारी मालाडहून बस धरून मार्वेला गेले आणि तिथून बोटीने मनोरीला. घड्याळ टॉवेलात गुंडाळून मांडीवर. बेनीअंकलचं घर चर्चच्या मागच्या पाखाडीत होतं. दारात त्यांची बायको रोझीबाई सुकट निवडत बसल्या होत्या. माझ्या हातातलं घड्याळ बघून आत ओरडल्या, “अरे बेनी, तुझा घड्याल आला!”

बेनीअंकल बाहेर आले. मी म्हटलं, “घड्याळ बरोबर आहे. चूक माझी आहे. मी तुमच्या सगळ्या वेळांवर काट मारली होती.”

ते म्हणाले, “सगल्या?”

“जवळजवळ सगळ्या.”

“तीन वर्सं मी कार्ड टाकतो आन् तुम्ही काट मारता.” त्यांचा आवाज चढला नाही, पण रोझीबाईंचा हात सुपात थांबला. “मंग मना पयलंच सांगायचं होतं ना, बाय. मी आनखी नीट बगितलं असतं.”

मी म्हटलं, “तुमच्या जुन्या वह्या बघायला मिळतील का?”

वह्या होत्या. शाळेच्या लांबट वह्या, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेल्या. आमचं वेळापत्रक मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ते हाच तारा बघत होते. बारा वर्षांच्या नोंदी, फक्त पावसाळ्याचे महिने कोरे. मी विचारलं, हाच तारा का? तर म्हणाले, “गोदीत होतो तवा एका बोटीवरच्या इंजिनियरनं दाखवला. बोलला, हा तारा मिटतो आन् उगडतो. मना वाटलं, बगू खरंच मिटतो काय.”

रोझीबाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं आंबट. जेवताना त्या म्हणाल्या, “हा मानूस गच्चीत जातो तवा मी म्हनते, काय मिलतं तुला? आज कोन तरी इचारायला आलं.” मी वह्यांची पिशवी घेऊन परत निघाले.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. आलेखाच्या कागदावर बारा वर्षांच्या वेळा मांडल्या. आडव्या रेषेत तारखा, उभ्या रेषेत ग्रहण किती लवकर किंवा किती उशिरा. ठिपके थोडे विखुरलेले होते, पण त्यातून वर जाणारी, खाली येणारी आणि परत वर जाणारी एक लाट स्वच्छ दिसत होती. आमचे दोन हिवाळे त्या लाटेच्या एका छोट्याशा तुकड्यावर बसले होते. तेवढ्यावरून मी वेळापत्रक आखलं होतं.

अशा लाटेचा अर्थ आमच्या धंद्यात माहीत असतो. ती जोडी एका जागी नाही. कधी आपल्यापासून लांब जाते, तेव्हा तिचा उजेड यायला जास्त वेळ लागतो आणि ग्रहण उशिरा दिसतं. कधी जवळ येते, तेव्हा लवकर. तिला असं मागेपुढे ओढणारा आणखी कोणीतरी तिथे असला पाहिजे. जोडतारा दोघांचा नव्हताच. तिसरा होता.

मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते लेखातले स्वल्पविराम तपासत होते.

“सर, एक दाखवायचंय.”

त्यांनी आलेख पाहिला. चष्मा काढून पुसला, परत पाहिला. “हे कोणाचं?”

“मनोरीच्या कोलासोंचं.”

“तू म्हणाली होतीस, त्यांचं घड्याळ चुकतं.”

“मी म्हणाले होते. चुकत नाही.”

“आणि हे तू मला आज सांगतेयस, सुनंदा? आज?” त्यांनी लेखाची प्रत उचलून टेबलावर आपटली. “या तिसऱ्याचा उजेड आपण त्या दोघांच्या नावावर मांडलाय. ग्रहण आहे त्यापेक्षा उथळ दिसलं. म्हणजे कल चुकला, म्हणजे वजन जास्त आलं. तेजही जास्त. सगळ्याची वाट लागली!”

मी उभीच होते. सर रागावले की इंग्रजीत जायचे. त्या दिवशी मराठीतच राहिले, म्हणून मला जास्त लागलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, “लांबचं वगळायचं हे तुला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच, सर.”

“हं.” त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. “बस. वर्णपटाचे जुने कागद काढ.”

वर्णपटात दोन ताऱ्यांच्या रेषा इकडून तिकडे सरकत जातात. त्यांच्यामध्ये आणखी एक अंधूक, जवळजवळ न सरकणारी रेषा होती. ती आम्ही दोघांनीही पूर्वी पाहिली होती आणि यंत्रातली खरखर म्हणून सोडून दिली होती. सरांनी त्याच दुपारी नियतकालिकाला कळवलं की लेख मागे घेत आहोत. लेख मागे घेणं म्हणजे काय, हे आमच्या क्षेत्रातल्या माणसाला सांगायला नको. निरोपाच्या दिवशी त्यांनी व्याख्यान दुसऱ्याच विषयावर दिलं. हार घेतला, समोसा खाल्ला आणि पुढच्या सोमवारी दहा वाजता परत आले. त्यांची खोली नव्या माणसाला गेली होती. म्हणून माझ्या टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसायला लागले.

फेरगणित करायला दीड वर्ष गेलं. डोंगरावरून नवी निरीक्षणं मागवली, तिसऱ्याचा उजेड वजा केला, कल नव्याने काढला. दोघांची वजनं कमी भरली. तिसऱ्याचं नेमकं वजन आम्हाला काढता आलं नाही, कमीत कमी किती असेल एवढंच सांगता आलं. लेखकांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, “सर, कोलासोंचं नाव?”

“शेवटी आभार मानतो आपण.”

“आभार नकोत. बारा वर्षांच्या वेळा त्यांच्या आहेत. माझं नाव काढा हवं तर.”

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुझं कशाला काढायचं? चुकीसकट राहू दे.” आणि तिसऱ्या क्रमांकावर बी. कोलासो लिहिलं. नावापुढे संस्था लिहावी लागते. सरांनी विचारलं, “यांची संस्था काय?” मी लिहिलं, मनोरी, मुंबई. नियतकालिकाने हरकत घेतली नाही.

छापलेला लेख घेऊन मी परत मनोरीला गेले. बेनीअंकलनी पानं उलटली, आलेख ओळखला, स्वतःच्या नावावर बोट फिरवलं. रोझीबाईंनी चष्मा लावून नाव वाचलं आणि म्हणाल्या, “स्पेलिंग बरोबर हाय.” बेनीअंकलनी विचारलं ते भलतंच. “मंग त्या तिसऱ्याचा वजन किती?”

“कमीत कमी एवढं, इतकंच सांगता येतं,” मी म्हटलं.

“म्हंजे काम बाकी हाय,” ते म्हणाले आणि कार्डं पुन्हा सुरू झाली.

या प्रकाराचं श्रेय लोक मला द्यायला लागले की मला बरं वाटत नाही. बेनीअंकल घड्याळ घेऊन आले म्हणून कळलं. यादीतले बाकीचे घड्याळ घेऊन आले नाहीत. त्यातल्या मुलुंडच्या एका शिक्षिकेच्या नोंदी मी अशाच दुसऱ्या एका ताऱ्याबाबत वगळल्या होत्या आणि तिने वर्षभराने पाठवणं थांबवलं. तिची कार्डं मी नंतर खूप शोधली. ती ऑफिस आवरताना रद्दीत गेली होती. त्यात काही होतं की नव्हतं, हे आता कोणालाच कळणार नाही.

माझ्या निवृत्तीला काही महिने राहिले असताना बेनीअंकलचं एक कार्ड आलं. त्यात नेहमीच्या नोंदी नव्हत्या. लिहिलं होतं:

‘मॅडम, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. त्यानंतर आपला तारा शेजाऱ्यांपेक्षा उजळ दिसतो. तारा बदलला नाही, मी बदललो. जुन्या आकड्यांत नवे मिळवू नका. वाटल्यास काट मारा. या वेळी मीच सांगतो.’

कार्ड मी दोनदा वाचलं. मोतीबिंदू पिवळट असतो, तो निळा उजेड अडवतो. आपला जोडतारा निळसर, तुलनेचे शेजारी पिवळे. मोतीबिंदू गेल्यावर निळा जास्त उजळ दिसणारच. ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली नव्हती. त्यांनी ती स्वतः पकडली आणि आपल्याच बारा-पंधरा वर्षांच्या कामावर शंका घेऊन मला कळवली. मी माझ्या आकड्यांवर अशी शंका किती वेळा घेतली होती?

नोकरीतलं माझं शेवटचं गणित ताऱ्याचं नव्हतं, बेनीअंकलच्या डोळ्यांचं होतं. शस्त्रक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी समोरासमोर मांडल्या, ग्रहण नसलेल्या रात्री निवडल्या आणि फरक काढला. सुमारे दीड दशांश प्रत. मग त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांच्या नव्या आकड्यांत एवढं मिळवायचं म्हणजे ते जुन्यांशी जुळतील. आणि तारा सगळ्यांत मंद कधी झाला, ती वेळ कोणत्याही डोळ्यांनी तीच राहते. त्यामुळे त्यांच्या वेळांपैकी एकही वगळायची गरज नाही, काट मारण्याचा प्रश्नच येत नाही.

उलट टपाली कार्ड आलं. वर पाच नव्या नोंदी, प्रत्येकीत दीड दशांश मिळवून कंसात जुन्यांशी जुळणारा आकडा दिलेला. एका ग्रहणाची वेळ, पावणेतीन मिनिटं लवकर. आणि खाली, हवेच्या ओळीच्या जागी:

‘आभाळ साफ. माझ्यात किती चूक हाय ते आता ठाऊक हाय, म्हणून निवांत बघतो.’